शोध आणि कराराचा कागद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



पाण्याच्या जोरावर फिरणारे पाणचक्कीचे जाते आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. ते बसविणाऱ्या कारागिराचे नाव मात्र आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. त्या काळी हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई आणि पोटापुरते मिळाले की काम भागे. विजेचे युग आले आणि हा हिशेब बदलला. विजेची मोटार घरोघर पोहोचवायची तर कारखाना लागतो, भांडवल लागते. शोध एकाच्या डोक्यात आणि पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत! या दोघांमध्ये जो कागद होतो, त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

पेटंट म्हणजे आपला शोध सविस्तर लिहून जाहीर करण्याच्या बदल्यात सरकारने ठरावीक मुदतीपुरता दिलेला हक्क. आज ही मुदत 20 वर्षांची आहे. आपल्या देशात याचा पहिला कायदा 1856 साली झाला आणि पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या साहेबाचा, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. उकाडा कोणाला अधिक होत होता, ते यावरून कळते!

विजेच्या दिव्याचा शोध एडिसनने लावला, असे तुम्ही पुस्तकात वाचता. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वॉन यानेही तसाच दिवा केला होता. दोघे कोर्टात लढत बसले असते तर वकिलांची चांदी झाली असती. त्याऐवजी 1883 साली दोघांची मिळून एक कंपनी झाली आणि दिव्यांना नाव मिळाले ‘एडिस्वॉन’.

निकोला टेस्लाची गोष्ट वेगळी. आज आपल्या चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत ज्या जातीच्या मोटारी फिरतात, त्या एसी मोटारीची पेटंटे 1888 साली वेस्टिंगहाउस या कारखानदाराने घेतली. रोख व शेअर मिळून 60,000 डॉलर आणि शिवाय प्रत्येक अश्वशक्तीमागे अडीच डॉलर रॉयल्टी, असा तो करार होता. टेस्लाच्या वतीने बोलणी करणारे दोन जाणते भागीदार होते, म्हणून एवढे तरी साधले. पुढे वेस्टिंगहाउस अडचणीत आला आणि टेस्लाने रॉयल्टी सोडून दिली. नंतर 2,16,000 डॉलर एकरकमी घेऊन पेटंटे कायमची विकली गेली. 1943 साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत टेस्ला वारला, तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज होते आणि त्याच्या मोटारी जगभर चालत होत्या.

आपल्याकडच्या जगदीशचंद्र बोस यांनी तर सौदाच नाकारला. 1901 साली लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीचा मालक पेटंटचा फॉर्म घेऊन त्यांच्या दारी आला होता. त्यांनी नकार दिला आणि ही हकीकत रवींद्रनाथांना पत्राने कळविली. पुढे मित्रमंडळींच्या आग्रहाने विद्युत्लहरी ओळखणाऱ्या उपकरणाचे अमेरिकन पेटंट 29 मार्च 1904 रोजी त्यांच्या नावे झाले, पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही. बोस मोठेच. मात्र ते सरकारी कॉलेजात पगारी प्राध्यापक होते, हे विसरू नये. ज्याच्या घरी चूल रोजच्या कमाईवर पेटते, त्याला हा आदर्श कसा परवडावा?

आता आपल्या मराठी माणसाकडे येतो. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 1867 सालचा, मुंबईचा. त्यांचे मुख्य यंत्र विजेचे नव्हे, छापखान्याचे खिळे ओतण्याचे; पण कागदाची कथा तीच. लंडनला दादाभाई नौरोजींनी त्यांना पैसा पुरविला. पुढे हाइंडमन या समाजवादी पुढाऱ्याने भांडवल उभे करण्याचे पत्करले, ते जमले नाही. भिसे निराश होऊन 1908 साली मायदेशी निघाले, तेव्हा बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांच्या ओळखीने जमशेदजींचे चिरंजीव रतन टाटा यांचे साहाय्य मिळाले आणि टाटा-भिसे सिंडिकेट निघाले. तेही 1915 साली बंद पडले. भिसे न्यूयॉर्कला गेले. तेथे 1920 साली त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. सुमारे 40 पेटंटे त्यांच्या नावावर होती आणि अमेरिकेत त्यांना ‘हिंदी एडिसन’ म्हणत. 1930 साली खुद्द एडिसनशी त्यांची भेटही झाली. परंतु 1935 साली ते वारले तेव्हा एडिसनसारखा कारखाना त्यांच्यामागे उभा नव्हता. बुद्धीत ते कमी नव्हते. भांडवलवाल्याच्या दारात त्यांची वर्षेच्या वर्षे गेली.

पालकहो, हे सर्व आजच का सांगतो? माझा एक जुना विद्यार्थी मोटार वाइंडिंगचे काम करतो. त्याने सायकलच्या जुन्या भागांतून वेढे मोजणारे एक छोटे यंत्र केले. बंद पडलेली मोटार उलगडताना त्याची मोजणी चुकत नसे. एका कारखानदाराला त्याने मोठ्या हौसेने ते चालवून दाखविले. चहा पाजला गेला, पाठ थोपटली गेली. सहा महिन्यांनी तसेच यंत्र त्या कारखान्यात चार टेबलांवर होते. तो माझ्याकडे आला, “सर, अर्ज कुठे करायचा?” मी त्याला काय सांगणार? जे चारचौघांत उघड झाले ते कायद्याच्या दृष्टीने नवे राहत नाही.

याच्या वडिलांनी दहावीनंतर त्याला शाळेतून काढले होते. “पोराचा हात चालतो, त्याला वाचून काय करायचे?” असे ते मला म्हणाले होते. हे वाक्य मी या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, कशाविषयी आहे? देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहावा, लिहिणारा इन्साफाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, असे तीत बजावले आहे. आपण ती तिलावत करतो आणि बाजारात तोंडी शब्दावर काम देतो-घेतो.

कायद्यात गरिबाला एक सोय आहे. शोध पूर्ण तयार नसला तरी आधी तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज करता येतो. तेवढ्याने तारीख आपल्या नावे लागते आणि पूर्ण वर्णन 12 महिन्यांत द्यायचे असते. आपल्या राज्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. एकट्या माणसाला फी मोठ्या कंपनीपेक्षा कमी पडते.

त्या मुलाने आता दुसरे काही तरी जुळविले आहे. काय, ते सांगणार नाही. तुमच्यात एखादा कारखानदार बसला असेल! शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्याचे वर्णन लिहीत बसतो. मसुदा तिसऱ्यांदा फाडला. “यंत्र करणे सोपे होते, सर,” तो परवा म्हणाला, “लिहिणे कठीण.” मग त्याने नवा कागद ओढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.