सुई टाकावी कोठे?



शिवणाची सुई हरवली, तर ती सापडेपर्यंत आपण घरात मुलांना अनवाणी फिरू देत नाही. पण घरी इन्शुलिन टोचून झाले, की तीच सुई सरळ केराच्या डब्यात जाते. दृष्टीआड सृष्टी! पुढे तो केर कोणी बाई हाताने निवडते. तिच्या बोटाला सुई टोचली, तर काविळीचा किंवा एड्सचा विषाणू अंगात शिरू शकतो. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर ७ दिवसही टिकतो.

म्हणून वापरलेली सुई लगेच जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात टाकावी. डबा मुलांपासून दूर ठेवावा. पाऊण भरला, की झाकण चिकटपट्टीने पक्के करून वर ‘सुया’ असे ठळक लिहावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या; तेव्हा डबा वेगळा आणि सांगून द्यावा.

रस्त्यात सुई दिसली, तर डबा तिच्याजवळ जमिनीवर ठेवावा व चिमट्याने ती आत टाकावी. टोचलीच, तर बोट पिळू नये, चोखू नये. साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. एड्स टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावे लागते.

आपला केर उचलणारीच्या घरीही मुले वाट पाहत असतात.