तांब्याची तार जाळण्याआधी
(रत्नागिरीतील युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘करिअर’वर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून. पण समोर बसलेल्यांपैकी चार-पाच जणांची घरं भंगारावर चालतात हे मला ठाऊक आहे. माझ्या इंजिनिअरिंगची फीसुद्धा काही अंशी चाचांच्या काट्यावरून आली. तेव्हा आज तांब्याबद्दल बोलतो.

हातातली ही तार बघा. घरातल्या प्लगपॉइंटची, 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची. नवी गुंडाळी 90 मीटरची असते. तांबं पाण्याच्या जवळपास नऊपट जड. गुणाकार केला तर एका गुंडाळीत साधारण 2 किलो तांबं निघतं. 1 स्क्वेअरची तार असेल तर 800 ग्रॅम. दहावीचं गणित आहे हे. पण जुनं घर पाडताना ‘सगळं वायरिंग मिळून अमुक रुपये’ असा सौदा होतो, तेव्हा हे गणित ना देणारा करतो ना घेणारा. मीटर मोजा, जाडी बघा, मग भाव बोला.

निवडणं हा या धंद्याचा जीव आहे. उघडी, स्वच्छ, जाड तार वेगळी. मोटारीतली वार्निश चढलेली तार, जिला आर्मेचर म्हणतात, ती वेगळी. कल्हई असलेली भांडी वेगळी. आपल्याकडच्या जुन्या घरांतून तांब्याचे बंब आणि हंडे अजून येतात. लोहचुंबक लावला की लोखंड कळतं, पण पितळ आणि जर्मन कळत नाही. हल्ली वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी तारही येते. ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसेल. हातात घेतली तरी हलकी लागते. मिरकरवाड्याकडून होड्यांचा माल येतो, खाऱ्या हवेने हिरवा पडलेला. हिरवा दिसला म्हणून तो वाईट नसतो, आणि त्याचे पैसे पाडून देणाऱ्याला ते माहीत असतं.

आता जाळण्याबद्दल. आपल्यातले काही जण संध्याकाळी खाडीच्या कडेला तार जाळतात. सोलायला वेळ लागतो, आग पाच मिनिटांत काम करते, हे मी मान्य करतो. पण तारेवरचं कव्हर पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसीत क्लोरीन असतं. धुरात आम्ल तयार होतं, डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि तांबं स्वतःच ती तयार व्हायला मदत करतं. जाळणाऱ्या मुलाचं तोंड त्या धुरावर वाकलेलं असतं. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 च्या डिसेंबरमध्येच बंदी केली आहे, दंड 5,000 रुपये. आणि धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जळलेली तार काळी पडते, बारीक तंतू राख होतात, माल खालच्या भावात जातो. जाड तार सोला. हाताने फिरवायचं सोलणी यंत्र चार जणांनी मिळून घेतलं तर जड जात नाही. बारीक तार हाताने सोलणं परवडत नाही हेही खरं. ती कव्हरसकटच विका.

रत्नागिरीत हे बोलताना मला एक गोष्ट आठवते. 1992 मध्ये इथे स्टरलाइटचा तांबं गाळण्याचा कारखाना येणार होता. एमआयडीसीने जागा दिली, काम सुरू झालं. आंबा बागायतदार आणि गावकरी उभे राहिले, आणि 1993 मध्ये काम थांबलं. कारखाना तमिळनाडूत थुथुकुडीला गेला. तिथे 22 मे 2018 रोजी आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, 13 माणसं गेली, आणि कारखाना बंद पडला. तो धूर आपल्या आईवडिलांच्या पिढीने इथे येऊ दिला नाही. आपण मात्र त्याच धातूचा धूर आपल्याच मोहल्ल्याच्या मागे काढतो, तोही एकेका किलोसाठी.

शेवटचा मुद्दा जास्त नाजूक आहे. आमच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याने एकदा पंधरा-वीस किलो केबल घेतली. विकणारा अनोळखी. आठ दिवसांनी पोलीस आले. माल चोरीचा निघाला. दोन दिवस त्यांना बसवून ठेवलं, आणि बाहेर लोक बोलायला लागले की ‘हे लोक असेच’. तो माणूस पाच वक्ताचा नमाजी, पैशाला स्वच्छ. पण विचारल्यावर दाखवायला त्यांच्याकडे कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता. आपल्याकडे संशयाने बघितलं जातं ही तक्रार खरी आहे, मीही ती करतो. पण वही नसेल तर त्या तक्रारीला पाय राहत नाहीत.

कायदा असा आहे: चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मानायला कारण’ हे शब्द लक्षात ठेवा. रात्री अकरा वाजता कोणी महावितरणच्या तारेसारखी जाड तार आणली आणि भाव न विचारता दिली, तर कारण तुमच्यासमोर उभं आहे. दुसरं, 10 ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतो तेव्हा कर त्यानेच भरायचा असतो. म्हणजे कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याच्या वहीत तुमचं नाव येणारच आहे. तुमच्या वहीतही कोणाचं तरी असू द्या.

मी आधी यासाठी मोबाइल ॲप बनवलं होतं. चाचांनी चार दिवस वापरलं. हाताला ग्रीस लागलेलं, स्क्रीन उमटेना. त्यांनी ते बंद केलं आणि मला म्हणाले, “बाळा, रेघा आखून वही दे.” मी दिली. तारीख, कोणी आणलं, ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे, कुठून काढलं, वजन, दर, सही किंवा अंगठा. सातच रकाने.

वजनाबद्दल इथे जास्त बोलायची गरज नाही. मापात मारणाऱ्यांवरून कुरआनातल्या एका सूरहचं नावच पडलं आहे, अल-मुतफ्फिफीन. फक्त काट्यावरचा वैध मापनचा शिक्का बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी करावी लागते.

अशा पन्नास वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी काटा आहे त्यांनी एकेक न्यावी. शिक्क्याची मुदत संपली असेल तर नाव लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात सगळे काटे एकाच टेंपोतून नेऊ. सोलणी यंत्रासाठी कोण पैसे घालणार ते आत्ता, चहाच्या आधी ठरवू.