गोळी आणि नकार
(चितेगाव येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



दार लावून घेतलंय, तेव्हा आज मोकळेपणानं बोलू या.

१९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आज तोच उपचार घ्यायला आपल्या चितेगावातून बाया पैठण रोडनं शहरात जातात. त्यांतलीच एक परवा माझ्याकडे आली. पिशवीत गर्भ सोडून चार दिवस झालेले. रात्री योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या चालू. नवरा जवळ आला, तिला नाही म्हणता आलं नाही. सकाळी पांढरं काहीतरी बाहेर आलं. "ताई, औषध सांडलं. नाही राहिलं तर सासू मलाच बोलंल." दवाखान्यात विचारलंस का, म्हटलं. "तिथं कसं विचारू?"

ही गोळी प्रोजेस्टेरॉनची. पिशवीचं अस्तर गर्भ धरण्याजोगं करणारं संप्रेरक. स्त्रीबीजं काढून घेतल्यावर शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, म्हणून बाहेरून द्यावं लागतं. योनीमार्गातून दिलं की पिशवीला जवळून मिळतं. सकाळी येतो तो बहुतेक वेळा गोळीतला तेलामेणाचा उरलेला भाग. एवढ्यावरून औषध वाया गेलं असं नाही.

संबंधाचं मात्र वेगळं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री प्रोजेस्टेरॉनचं जेल लावून संबंध आला, तर दहा तासांनी बाईच्या रक्तात ते कमी भरलं आणि पुरुषाच्या रक्तात वाढलेलं सापडलं. म्हणजे बायकोच्या औषधात नवऱ्याचा वाटा! हसा, पण पुढचंही ऐका. त्यांनी रक्त तपासलं, गर्भ राहिला की नाही हे नाही. तेव्हा एका रात्रीपायी सगळं गेलं, असं त्या बाईला कुणीही म्हणू नये.

पण हे तिला आधी सांगायला नको का? आणि नवऱ्याला? २०२१ च्या कायद्यानं समुपदेशन करणं, उपचारातले धोके समजावणं हे दवाखान्यावर बंधनकारक आहे. सह्या दोघांच्या घेतात, पथ्य एकटीला सांगतात. घरी येऊन तिनं सांगितलं की तो बहाणा ठरतो.

मी तिच्याबरोबर गेले. किती दिवस संबंध नको, गोळी कधी ठेवायची, ठेवल्यावर किती वेळ पडून राहायचं, सगळं चिठ्ठीवर लिहून मागितलं. डॉक्टरांनी दिलं. ती म्हणाली, "आता कागद दाखवते." बाईच्या नकाराला डॉक्टरची सही लागते, याचा मला फार राग आला. तिला मात्र त्या रात्री झोप लागली.

आता तुम्ही विचारा. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून पुढं द्या, नाव घालू नका.