अनिवर्तकांना परतविणारा राजा

अवनिजनाश्रय पुलकेशी हा बदामीच्या चालुक्यांच्या नवसारी शाखेचा राजा. सैंधव, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर आदी राज्ये पादाक्रांत करून दक्षिणापथ जिंकण्यास निघालेली अरब सेना त्याने नवसारीच्या परिसरात पराभूत केली. सम्राट दुसऱ्या विक्रमादित्याने त्यास ‘दक्षिणापथसाधार’ आणि ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’, म्हणजे माघार न घेणाऱ्यांना माघारी धाडणारा, अशी बिरुदे बहाल केली.

हे आपणांस ज्ञात आहे ते इ. स. ७३८-३९ मधील एका ताम्रपटामुळे. तो विजयलेख नव्हे, साधे दानपत्र आहे! पुढे अल्पावधीतच राष्ट्रकूटांचा उदय झाला आणि ही शाखा लोपली. ते दानपत्र वितळविले गेले असते, तर हा पराक्रमही त्यासवे वितळला असता. म्हणून गावोगावचे ताम्रपट आणि शिलालेख जपणे हे आपले कर्तव्य होय.