ऑनचे चार हजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतला तरी त्याच्यावर किंमत छापलेली असते. दुकानदाराने सहा मागितले, तर आमच्या बोदवडच्या बाजारातलं शाळकरी पोरही पुडा उलटा करून त्याला दाखवतं. आठ-दहा लाखांची गाडी घ्यायला मात्र आपण शोरूममध्ये जातो, तेव्हा उलटून बघायला काही नसतं. गाडीची खरी किंमत कळते ती गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी. मी अर्थशास्त्राचा जाणकार नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ही गोष्ट माझ्या घरात दोनदा घडली आहे, एकदा उलटी आणि एकदा सुलटी. म्हणून बोलण्याचं धाडस करतो.

आधी जुनी गोष्ट सांगतो. माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. १९७५ साली त्यांनी अनामत भरून स्कूटरसाठी नाव नोंदवलं. त्या काळी नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं, अशीच पद्धत होती. आजच्या तरुण श्रोत्यांना खोटं वाटेल, पण बजाजच्या स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं वाट पाहत. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकारचा परवाना ठरवत असे. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवावं, तर त्यालाही दिल्लीची मंजुरी लागे. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला रांग मोडून स्कूटर मिळत असे. ज्याचा भाऊ आखातात, त्याची स्कूटर लवकर दारात. अब्बांचं आखातात कुणी नव्हतं.

आमचा नंबर लागला १९८४ मध्ये. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. पत्र आलं त्या दिवशी आम्हा भावंडांना झोप लागली नाही. स्कूटरवर पुढे कोण उभं राहील, यावरून भांडणं झाली. पण त्याच वर्षी आपाचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. चार दिवसांनी मलकापूरकडचे एक व्यापारी घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, ''मास्तर, कंपनीची किंमत मी भरतो, वर चार हजार तुम्हाला देतो. गाडी परस्पर मला द्या.'' या वरच्या पैशाला तेव्हा 'ऑन' म्हणत. मोटार असो की स्कूटर, ऑन ठरलेला असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यावरही लोकांनी ऑन दिला. सरकारी कागदावर किंमत एक आणि बाजारात दुसरी.

अब्बांनी चार हजार घेतले. आपाचं लग्न त्यात पार पडलं. स्कूटर आमच्या अंगणात एक रात्रसुद्धा राहिली नाही. निवृत्त होईपर्यंत अब्बा सायकलवरच शाळेत गेले. त्या पैशाबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट. त्याच आपाचा मुलगा, माझा भाचा, बारा वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता. बोदवडहून भुसावळ, मलकापूर, जळगाव. कधी कापूस, कधी भाजीपाला, कधी लग्नाचे मंडप. मागच्या वर्षी त्याने ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची. त्याला लांब हौद्याचा मालवाहू टेम्पो हवा होता. तसा तयार मिळत नव्हता. शोरूमवाले म्हणाले, ''बुकिंग करा, कंपनीकडून मागवून देतो.'' जूनमध्ये त्याने बुकिंगचे पैसे भरले. कोटेशन घेतलं. त्या कोटेशनवर बँकेने कर्ज मंजूर केलं. कापसाच्या हंगामाआधी गाडी येईल असा शब्द मिळाला. त्या भरवशावर त्याने जुन्या मालकाची नोकरी सोडली.

ऑक्टोबरात फोन आला, गाडी आली आहे. मी सोबत गेलो. टेबलावर हिशेबाचा कागद ठेवलेला होता आणि त्यात कोटेशनपेक्षा तीस हजार जास्त होते. 'हँडलिंग चार्जेस' साडेसहा हजार. 'ॲक्सेसरीज किट' साडेचौदा हजार. बाकी नऊ हजार विम्यात वाढलेले. किटमध्ये काय आहे विचारलं, तर सीट कव्हर, पायपुसणी आणि सुगंधाची बाटली! कापसाच्या गाठोड्यांना सुगंध कशाला हवा, हे मला कवी असूनही कळलं नाही. भाचा म्हणाला, ''साहेब, हे मी मागितलेलं नाही.'' समोरचा तरुण शांतपणे म्हणाला, ''नको असेल तर बुकिंग रद्द करा. मागे दहा जण उभे आहेत.''

मी शोरूमचं आणि गाडीचं नाव घेत नाही. कारण हा एका दुकानाचा प्रश्न नाही. तुमच्यापैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत गाडी घेतली आहे, त्यांनी हे वाक्य ऐकलेलं असणार.

आम्ही कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली गेली. दोन दिवसांनी फोन आला तो त्याच शोरूममधून! कंपनीने आमची तक्रार त्यांच्याकडेच पाठवली होती. पुन्हा कंपनीला विचारलं, तर उत्तर मिळालं, ''डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याच्या व्यवहारात आम्ही पडत नाही.''

श्रोते हो, 'आम्ही पडत नाही' हे वाक्य तपासून पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरणाची सुरुवात झाली ती मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्रातल्या विक्रीबद्दलच्या एका निनावी ई-मेलने. डीलरने ग्राहकाला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये, असं बंधन कंपनीने घातलं होतं, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ते बंधन पाळलं जातं की नाही हे पाहायला खोटे ग्राहक पाठवले जात. जास्त सूट देताना सापडला, तर डीलरलाच नव्हे, तिथल्या विक्री करणाऱ्या माणसालाही दंड होई. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं, हेही सांगितलं पाहिजे. पण आयोगासमोर जे आलं त्यावरून एक गोष्ट समजते. मनात आणलं तर कारखानदाराला शोरूमच्या टेबलापर्यंत पाहता येतं. डीलर पाच हजार सोडतो तेव्हा दिसतं, मग तो पाच हजार जास्त उकळतो तेव्हा का दिसू नये?

कुणी म्हणेल, किंमत बांधून देणं हेच तर बेकायदा आहे. तसं नाही. स्पर्धा कायद्याचा आक्षेप आहे तो 'यापेक्षा कमीला विकू नका' या अटीला. 'यापेक्षा जास्त घेऊ नका' असं कंपनीने डीलरला सांगितलं, तर कायदा तिच्या आड येत नाही.

न्यायालयात काय होतं, याचंही एक उदाहरण शेजारच्या गोव्यातलं आहे. एका ग्राहकाने २०११ च्या बनावटीच्या गाडीचे पैसे भरले आणि डीलरने त्याच्यासमोर उभी केली २००९ ची, सहाशेहून अधिक किलोमीटर पळालेली गाडी. त्याने ती नाकारली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलरसोबत टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे आणि डीलरची करणी कंपनीला ठाऊक होती असं सिद्ध झालं नाही, म्हणून. म्हणजे कंपनीला कळवलेलं लेखी असणं किती महत्त्वाचं, ते पाहा.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. अमेरिकेत १९५८ पासून नव्या मोटारीच्या काचेवर किंमतपत्रक लावणं कायद्याने सक्तीचं आहे. पण ती किंमत केवळ सुचवलेली असते. २०२१-२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला, गाड्या कमी झाल्या आणि तिथल्या डीलरांनी नोंदणी केलेल्या ग्राहकांकडूनही वरचे पैसे मागायला सुरुवात केली. तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी डीलरांना ताकीद दिली, असं कराल तर तुमच्या वाट्याच्या गाड्या कमी करू. म्हणजे लगाम कंपनीच्या हातात असतो. ओढायचा की नाही, हा प्रश्न असतो.

डीलरची बाजूही ऐकली पाहिजे. शोरूमचं भाडं, नोकरांचे पगार, बँकेचं व्याज त्याच्या डोक्यावर असतं. न खपणाऱ्या गाड्या कंपनी त्याच्या गळ्यात मारते. २०२४ मध्ये डीलरांच्या देशव्यापी संघटनेनेच सांगितलं होतं की, सत्तर दिवसांहून अधिक विक्रीचा माल गोदामांत पडून आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हा कित्येक डीलर उघड्यावर आले. पण कंपनीने डीलरला पिळलं म्हणून डीलरने टेम्पोवाल्याला पिळावं, हा न्याय नव्हे. टेम्पोवाल्याने मग कुणाला पिळायचं? कापूसवाल्या शेतकऱ्याला?

आपण काय करायचं? भाच्याच्या निमित्ताने शिकलो ते सांगतो. बुकिंग करतानाच एकूण किंमत, त्यातली प्रत्येक रक्कम, आणि गाडी मिळायच्या दिवशी दर बदलला तर काय होईल, हे शिक्क्यानिशी लिहून घ्या. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. विमा नियामकाचे तसे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. तक्रार डीलरसोबत कंपनीलाही लेखी पाठवा. ग्राहक मदत क्रमांक आहे १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

आम्ही विमा भुसावळच्या एजंटकडून काढला, नऊ हजार वाचले. हँडलिंगची सही-शिक्क्याची पावती मागितली, तर ती रक्कमच कागदावरून नाहीशी झाली. किटचे साडेचौदा हजार मात्र भरावे लागले. कापूस वेचायला लागला होता, बँकेचा हप्ता सुरू होणार होता. भांडायला वेळ उरला नव्हता. तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

गाडी दारात आली, तेव्हा आपा ओट्यावर बसली होती. सगळा हिशेब ऐकून म्हणाली, ''माझ्या लग्नात अब्बांनी ऑन घेतला होता ना, तो माझ्या पोराने फेडला.''

मला हे पटलेलं नाही. अब्बांनी घेतले ते रांगेतली आपली जागा विकून. समोरच्याला नको म्हणायची मोकळीक होती. भाच्याकडून घेतले ते त्याचीच जागा त्याला परत विकून. तरीही आपाचं बोलणं मनातून जात नाही. कारण ज्या माणसाचा नंबर त्या व्यापाऱ्याच्या मागे होता, त्याचा विचार तेव्हा आमच्या घरात कुणी केला नव्हता. रांगेत पुढे असलेल्याला मागचा दिसत नाही. कंपनीला ग्राहक दिसत नाही, तो असाच.

भाच्याने ती सुगंधाची बाटली अजून उघडलेली नाही. म्हणतो, ''मामू, ही पुरावा म्हणून ठेवली आहे.''