बाळ हलतंय ना?

दिवाळीनंतर बदलापूर-अंबरनाथकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि गरोदर बाईची तपासणी तिथेच तुटते. शेठची उचल अंगावर असते, मग ती सुट्टी मागायला कचरते. तुम्ही भेटायला जाता तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणलंय का, ते आधी विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहासोबत नको. अंगावरून रक्त गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठा. शेठला मागाहून सांगता येतं.