पेवात आधी दिवा का सोडायचे?

माउंट वेलिंग्टन आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांना, तसेच ऑकलंडबाहेरून ऐकणाऱ्या श्रोत्यांना आजच्या विज्ञानाच्या गप्पांत मनापासून स्वागत. मुलांनाही जवळ बोलवा, शेवटी त्यांच्यासाठी एक प्रयोग आहे.

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, ‘पेव फुटलंय नुसतं!’ पण पेव म्हणजे काय, हे परदेशात वाढलेल्या मुलांना कुठून ठाऊक असणार? पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि पोट मोठं. तळाला आणि कडेने कडबा लावायचा, आत ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. सोलापूर, सांगली, मराठवाडा या भागांत अशी पेवं होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच होती.

पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचे, मग दोरीला कंदील किंवा दिवा बांधून आत सोडायचे. दिवा विझला तर उतरायचं नाही. ज्यांनी घाई केली, त्यांतले काही वर आलेच नाहीत. गावात कुणी म्हणे भूत आहे, कुणी म्हणे विषारी वायू आहे. खरं कारण ज्वारीच्या दाण्यात होतं. तो दाणा जिवंत असतो, आणि जिवंत आहे म्हणून श्वास घेतो.

आपण श्वास घेतो म्हणजे छाती वरखाली होते, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण ती फक्त हमाली झाली, ऑक्सिजन आत नेण्याची आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची. खरं काम पेशीत चालतं. शाळेत त्याला पेशीश्वसन म्हणतात. साखर, म्हणजे ग्लुकोज, आणि ऑक्सिजन यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा तयार होते. दिव्यात तेल जळतं तेव्हाही शेवटी हेच घडतं. फरक इतकाच, की दिवा ऊर्जा एकदम उधळतो आणि पेशी ती पायरीपायरीने, सुट्ट्या नाण्यांत काढून घेते.

त्या नाण्याचं नाव एटीपी. १९२९ साली ते स्नायूंतून वेगळं करणाऱ्यांत हार्वर्डमध्ये काम करणारे आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांनी ते काम सायरस फिस्के यांच्याबरोबर केलं; त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं.

पहिली पायरी ग्लुकोज-विघटन. ती पेशीद्रवात होते, तिला ऑक्सिजन लागत नाही, आणि हाती पडतात फक्त २ एटीपी. पुढच्या पायऱ्या तंतुकणिकेत होतात, म्हणजे मुलं जिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात तिथे. तिथे ऑक्सिजन लागतो, आणि एका ग्लुकोजमागचा एकूण हिशेब तीसेक एटीपींवर जातो. आपण शाळेत ३८ पाठ केले होते, आता ३० ते ३२ मानतात. म्हणजे ऑक्सिजन नसेल तर तेवढ्याच साखरेत पंधरा पटींनी कमी कमाई. म्हणून जोरात धावताना स्नायू थोडा वेळ ऑक्सिजनविना काम भागवतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, पण त्यावर फार काळ जगता येत नाही.

आता परत पेवाकडे. ज्वारी वाळवून भरलेली असते, त्यामुळे तिचा श्वास अगदी मंद. तरी बंद जागेत दाणे, त्यांतले किडे, बुरशी हे सगळे मिळून हळूहळू ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. किडे गुदमरून मरतात, बुरशी वाढत नाही, धान्य टिकतं. पेवाची हीच युक्ती आणि हाच धोका. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी बसून राहतो. हवेत तो दहा टक्क्यांच्या आसपास गेला, तर काही मिनिटांत माणसाची शुद्ध हरपते.

मग नाशिकचा शेतकरी कांदा असा पुरून का ठेवत नाही? कारण कांदा ओला. त्यात पाणीच पाणी, म्हणून श्वास ज्वारीपेक्षा कितीतरी जोरात. श्वसनात निघालेल्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णता होऊन जातो. बंद जागेत ती उष्णता आणि ओल अडकली की कांदा सडलाच. म्हणून कांदाचाळ जमिनीपासून उचललेली, बाजूंनी फटी असलेली, वारा खेळेल अशी. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो आणि भावाची वाट बघता बघता वजनाने घटतो. पाणी उडतं आणि साखर श्वसनात खर्च होते. शेतकरी ज्याला ‘घट’ म्हणतो, त्यातला एक वाटा कांद्याच्या जगण्याचा खर्च असतो.

आणि आपल्या दारातला मौंगारेई? तिथे उतारावर सपाट पायऱ्या आणि खड्डे दिसतात ना? त्यांतले बरेच खड्डे माओरी लोकांचे कुमरा, म्हणजे रताळी, साठवण्याचे. वर छप्पर, आत कोरडं. थंडी लागली तर कुमरा खराब होतो, उबेत आणि ओलीत कोंब येतो किंवा सडतो. जिवंत कंद हिवाळाभर सांभाळायचा, त्याचा श्वास मंद ठेवायचा पण थांबवायचा नाही. ज्वारी, कांदा, कुमरा, तिन्ही ठिकाणी हीच कसरत.

घरासाठी तात्पर्य सोपं आहे. कांदे-बटाटे प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, जाळीत ठेवा आणि एकमेकांपासून दूर ठेवा. कुमरा फ्रिजमध्ये नको. पालेभाजी मात्र फ्रिजमध्येच, कारण थंडीत तिचा श्वास मंदावतो.

आणि एक गंभीर गोष्ट. आपल्यातले काही जण इथे शेतांवर, वाइनच्या कारखान्यांत, गोदामांत काम करतात. सायलो, आंबवण्याची टाकी, बंद खड्डा, ही सगळी आधुनिक पेवंच. आत कुणी कोसळलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाच्या जागी दोघे जातात. १११ ला फोन करा. दिव्याची जुनी परीक्षाही पुरेशी नाही, वायू मोजायचं यंत्र हवं.

आता मुलांचा प्रयोग. मोड आलेले मूग मोठ्या थर्मासमध्ये भरा, तोंडाला कापूस लावा आणि आत थर्मामीटर ठेवा. दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून थंड केलेले मूग. दुसऱ्या दिवशी दोन्हींतलं तापमान लिहून काढा. कोणते मूग गरम झाले आणि का, हे आजी-आजोबांना फोनवर मराठीत समजावून सांगा. आणि त्यांना विचारा, तुमच्या गावात पेव होतं का? उत्तर आलं तर आम्हालाही कळवा.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.